बांगडीचा ब

लासुर्ण्याच्या मेहबूबबीकडून बांगड्या भरून घेताना बांगडी कधी चढली ते बायकांना कळायचं नाही. ती समोर मांडी घालून बसायची, बाईचा पंजा आपल्या हातात घ्यायची आणि बोलायला लागायची. सासूचं विचारायची, म्हशीचं विचारायची, मध्येच काहीतरी चावट बोलायची. बाई हसली की हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात बांगडी अंगठ्याच्या हाडावरून आत सरकलेली असायची. काच फुटायची नाही, खरचटायचं नाही. तिचा नवरा खाजा बाजारात पथारी मांडून बसायचा. ती मात्र पाटी घेऊन शेळगावपासून ऊसतोडीच्या बायकांच्या पाचटाच्या कोप्यांपर्यंत पायी हिंडायची. विक्री तिचीच जास्त व्हायची.

"तुझ्या बांगड्या न्हाईत खपत, गप्पा खपत्यात," खाजा म्हणायचा, आणि त्याला त्याचं कौतुकच असायचं.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मेहबूबबीची वरची डावी दाढ हलायला लागली. न्हातीधुती झाल्यापासून ती मिसरी लावत होती. दात हलायचेच, असं म्हणून तिनं बाजारातल्या एकाकडून दाढ उपटून घेतली. जखम काही भरेना. लवंग धरून झाली, हळद झाली. पाऊस सरता सरता गालाच्या आत गाठ लागायला लागली आणि तोंडाला वास यायला लागला, तेव्हा खाजा तिला घेऊन पुण्याला गेला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, "कॅन्सर आहे. डाव्या बाजूचा वरचा जबडा काढावा लागेल. टाळूची तेवढी बाजूही जाईल. नंतर तिथं पट्टी बसवू."

जबडा म्हणजे दात, आणि पट्टी म्हणजे म्हाताऱ्या माणसांची कवळी, असं दोघांनी आपापल्या मनात धरलं. टाळू म्हणजे तोंडाचं छप्पर आणि नाकाची जमीन, हे त्यांना ऑपरेशननंतर कळलं. सिस्टरनं जखमेत भरलेला कापडाचा बोळा काढला आणि मेहबूबबीनं पाणी मागितलं. ती "पाणी" म्हणाली, पण ऐकू आलं "माणी". सिस्टरनं पेला दिला. पहिला घोट घशात गेलाच नाही, नाकातून पदरावर सांडला. तिनं खाजाकडे पाहिलं. खाजा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

दवाखान्यानं भोक झाकायला एक तात्पुरती पट्टी करून दिली. ती घातली की घास खाली उतरायचा आणि बोलणंही बरंच कळायचं. पण पुढं यंत्राचा शेक सुरू झाला. तोंड आतून सोलल्यासारखं झालं, पट्टी लावली की आग व्हायची. मेहबूबबीनं ती काढली, फडक्यात गुंडाळली आणि पेटीत टाकली. शेक संपवून ती घरी आली, ती परत पुण्याला गेलीच नाही.

घरी तिनं महिनाभर तोंडावर पदर धरून काढला. मग एक दिवस तिला वाटलं, हात तर शाबूत हायेत. तिनं पाटी घेतली आणि शेळगावला गेली. एका ओळखीच्या घरात नवी सून आली होती. मेहबूबबीनं तिचा पंजा हातात घेतला आणि सवयीनं बोलायला लागली. तिला म्हणायचं होतं, "बांगडी बघ कशी जाती, हात सैल सोड." पण नाकातून नुसते हेल निघाले. ब चा म झाला होता, ड चा न झाला होता. बांगडीची मांगनी झाली होती. सून घाबरून सासूकडे बघायला लागली. मेहबूबबी गप्प झाली आणि मुकाट्यानं बांगडी चढवायला लागली. मुलीचा हात लाकडासारखा ताठ झाला. अंगठ्यापाशी बांगडी फुटली आणि रक्त आलं.

"असू द्या," सासू समजुतीनं म्हणाली. "बऱ्या झालात की या परत."

त्या बाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मेहबूबबी घरी आली, पाटी बाजेखाली सारली आणि त्यानंतर कुणाच्या दारात गेली नाही.

तिच्या घराच्या मागच्या अंगाला सारजा राहायची. सारजाच्या सासऱ्यापर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती. आता तिचा नवरा बिरू कालव्याच्या पाण्यावर ऊस करत होता. सारजा आणि मेहबूबबी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या होत्या, आणि परसातल्या कुंपणाला दोघींनीच बोलता बोलता भगदाड पाडलं होतं. मेहबूबबी घरात बसली तरी सारजा त्या भगदाडातून रोज यायची. एकटीच बोलायची आणि जायची.

पुढच्या सालच्या दिवाळीनंतर ती आली ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "बी, आमच्या छकुलीचं ठरलं. माघात लगीन हाय. चुडा तू भरायचा."

मेहबूबबीनं मान हलवली. "मी न्हाय," ती म्हणाली. या शब्दांत ब नव्हता, ड नव्हता, त्यामुळं ते अगदी स्वच्छ उमटले.

"तू न्हाय तर मग कोण?"

मेहबूबबीनं बाहेर, बाजाराच्या दिशेनं हात केला. दुसरी कुणीही.

"पोरीचं बारसं झालं तवा काळ्या बांगड्या तू घातल्यास," सारजा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आता दुसरीला बोलावू? कोणत्या तोंडानं बोलावू?"

बोलून गेल्यावर तिला आपला शब्द कळला. ती उंबरा ओलांडून आत आली. मग मेहबूबबीच्या शेजारी बसली आणि दोघीही रडल्या.

पुढच्या आठवड्यात बिरूची दाढ दुखायला लागली, म्हणून सारजा त्याला घेऊन बारामतीला गेली. तिथं डॉ. रविराज देवकाते नावाचा तरुण दातांचा डॉक्टर नुकताच आला होता. बिरूचं काम चालू असताना सारजानं मधूनच विचारलं, "डॉक्टर, आमच्या मैतरणीच्या टाळूला भोक हाय. आपरेशन झालंय. तुमी त्याचं काय करता काय?"

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. "कधी झालं ऑपरेशन? पट्टी वापरतात का?"

"पेटीत हाय."

"पेटीसकट आणा त्यांना," डॉक्टर म्हणाले. "मी शिकलो तेच. टाळू, जबडा, गेलेलं परत बसवायचं."

मेहबूबबी यायला तयार नव्हती. खाजानं एसटीची वेळ पाहिली, सारजानं तिचा हात धरला, आणि दोघांनी तिला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगितलं. जेमतेम बोट आत जाईल एवढंच उघडलं. त्यांनी जुनी पट्टी हातात घेऊन पाहिली. आतली जखम भरताना आक्रसली होती, त्यामुळं ती पट्टी आता बसण्यासारखी नव्हती.

"मावशी, नवीन करता येईल," ते म्हणाले. "पण माप घ्यायला साचा तोंडात जायला पाहिजे, आणि तुमचं तोंड मिटत चाललंय. शेक दिल्यावर जबड्याचे स्नायू घट्ट होतात. व्यायाम करत राहावं लागतं. कुणी सांगितलं नव्हतं का?"

मेहबूबबीनं खाली पाहिलं. सांगितलं होतं. तिनंच ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी कांड्या आणल्या. "या एकावर एक ठेवून उजवीकडच्या दाढांत घालायच्या. ताण बसला पाहिजे. तसंच धरून ठेवायचं. काही दिवसांनी सैल वाटल्या की आणखी एक सारायची. दुखेल. किती उघडेल ते मी आज सांगू शकत नाही. पण उघडेल."

"माघापातूर?" सारजानं विचारलं.

"ते यांच्यावर," डॉक्टर म्हणाले.

दुखायचं म्हणजे कानापासून मानेपर्यंत कळ जायची. पहिल्या दिवसांत मेहबूबबीनं दोनदा कांड्या अंगणात भिरकावल्या. सारजानं त्या वेचल्या, उकळत्या पाण्यात धुतल्या आणि परत आणल्या. रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या की ती येऊन बसायची. मेहबूबबी दातांत कांड्या धरायची आणि सारजा तोंडाचा पट्टा सोडायची. छकुलीची होणारी सासू हुंड्यातल्या पितळी घागरीवरच अडून बसलीय, बिरू पाण्याच्या पाळीवरनं कुणाशी भांडला, शेळी कुणाच्या पोथीचं पान खाऊन आली. ऐकता ऐकता मेहबूबबीला हसू यायचं, आणि हसू आलं की जबडा आपोआप सैल पडायचा. तेवढ्यात सारजा पुढची कांडी आत सारायची.

एकदा मेहबूबबीनं कांड्या काढल्या आणि सारजाच्या हातावर चापट मारली. तिची युक्ती सारजानं तिच्यावरच चालवली होती.

"मग?" सारजा म्हणाली. "इतकी वर्सं हात दिला तुझ्या हातात. फुकट व्हय?"

पौष लागायच्या आत दोन बोटं जायला लागली. तेवढं पुरे, असं डॉक्टर म्हणाले. नेहमीचा साचा त्यांनी कापून लहान केला. भोकात खोलवर काही अडकू नये म्हणून आधी तेलकट जाळीदार कापड भरलं, त्याला दोरा बांधून बाहेर सोडला. मग गुलाबी रंगाचं, गोडसर वासाचं ओलं पीठ साच्यात भरून आत दाबलं. मेहबूबबीला वाटलं, आता जीव जातो. तिनं सारजाचं मनगट असं आवळलं की सारजाच्या दोन बांगड्या फुटल्या.

"मान पुढं करा, मावशी. सावकाश श्वास घ्या. झालंच," डॉक्टर म्हणत राहिले. पीठ घट्ट झालं, साचा बाहेर आला. त्यावर तिच्या तोंडातली पोकळी उलटी उमटली होती. मेहबूबबी ती बराच वेळ बघत राहिली. आपल्यातलं काय गेलं, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

पट्टी तयार झाली ती हिरड्यांच्या रंगाची होती. डाव्या बाजूला दात होते, आणि वर भोकात बसणारा एक फुगा. "आतून पोकळ ठेवलाय," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर वजनानं खाली येईल." त्यांनी फुग्याच्या कडेला मेणासारखं काहीतरी गरम करून लावलं, पट्टी बसवली आणि तिला गिळायला सांगितलं. मान इकडं वळवायला, तिकडं वळवायला, जबडा डावीउजवीकडं हलवायला सांगितलं. कड जिथं दाबत होती तिथं त्यांनी घासलं, जिथून हवा निसटत होती तिथं भर घातली. असं पुन्हापुन्हा झालं. शेवटी ते स्टूलवर मागं सरकून बसले.

"आता बोला."

मेहबूबबीनं खाजाकडं पाहिलं. खाजा दाराशी उभा होता, त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"बारामती म्हणा," डॉक्टर म्हणाले.

"बारामती," ती म्हणाली.

मेहबूबबीनं ओठांवर हात ठेवला, जणू तिथून दुसरंच कुणीतरी बोललं होतं. मग तिनं हळूच म्हणून पाहिलं, "बांगडी." ड जरा घसरला. ब मात्र ब होता. "बांगडी. बांगडी." तिसऱ्यांदा ड पण आला. सारजानं आपल्या तोंडात पदर कोंबला, आणि खाजा पुन्हा खिडकीकडं वळला. या वेळी मेहबूबबीनं त्याला हाक मारली, "अवं, हिकडं बघा की."

परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" खाजा बोलायच्या आत ती म्हणाली, "लासुर्णे. तीन द्या." कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि पुढं गेला. त्याला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. मेहबूबबी भवानीनगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघून हसत होती.

सगळं लगेच जमलं असं नाही. पट्टी एका ठिकाणी घासून फोड आला, ती घेऊन दोनदा बारामतीला जावं लागलं. पातळ काही पिताना मान जरा जास्त वाकली की थेंब नाकात यायचा. डाव्या बाजूनं चावता येत नव्हतं. गालाला थोडा आधार आला होता, पण आरशात जुना चेहरा दिसत नव्हता. मेहबूबबी रोज जेवणानंतर पट्टी काढून धुवायची, मिठाच्या पाण्यानं आतली जागा स्वच्छ करायची आणि पुन्हा बसवायची. पुढं पुढं पदर तोंडावरून डोक्यावर गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सारजाच्या ओसरीवर बायकांची दाटी झाली. मेहबूबबीनं बाजेखालची पाटी काढली होती, बांगड्या पुसून हिरव्या माळा लावल्या होत्या. छकुली समोर बसली. तिनं हात पुढं केला, पण तो ताठ धरला होता. सगळ्या बायका मेहबूबबीच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि मेहबूबबीला ते कळत होतं.

तिनं छकुलीचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला. "छकुले, नवरदेव कसाय गं?"

"बराय," छकुली पुटपुटली.

"बरा म्हंजी? नाक हाय का नुसत्या मिशाच हायेत?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. छकुलीनं मान खाली घातली. "मिशा न्हाईत त्यांना."

"बया! मग भांडण झालं तर धरायचं काय?"

ओसरी हसण्यानं भरून गेली. छकुलीही हसली, आणि पहिली बांगडी अंगठ्यावरून आत गेली. मध्येच एका शब्दाला हवा निसटून शीळ वाजली. मेहबूबबी थबकली, जिभेनं पट्टी वर दाबली आणि तोच शब्द पुन्हा म्हणून पुढं गेली. दोन्ही हात कोपरापासून खाली हिरवे झाले, एकही काच फुटली नाही. भरून झाल्यावर चालीप्रमाणं छकुली मेहबूबबीच्या पाया पडली. मेहबूबबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद पुटपुटला नाही, मोठ्यानं दिला.

त्यानंतर उन्हाळ्यात गावातल्या फोनच्या बूथवर डॉ. देवकात्यांचा निरोप आला. मेहबूबबीनं एकदा येऊन जावं, दुखणं नाही, मदत हवी आहे.

दवाखान्यात एक उंच, हडकुळा म्हातारा बसला होता, शेजारी त्याची बायको. तो माळेगावचा तात्याबा. कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहायचा. त्याच्या वरच्या उजव्या जबड्यात तोच आजार होता. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि तात्याबानं जायला साफ नकार दिला होता.

"तोंडाला भोक पाडून घिऊन जगण्यापरास हाय असा मरतो," तो डॉक्टरांना सांगत होता. "उगं बोलावलंत मला. आन् ह्या बाई कोण?"

"यांचं तेच ऑपरेशन झालंय," डॉक्टर म्हणाले. "व्हय, माझं बी तेच," मेहबूबबी म्हणाली.

"काय सांगता! ह्या तर चांगल्या बोलत्यात."

मेहबूबबीनं अजून कधी खाजा, सारजा आणि डॉक्टर सोडून कुणासमोर पट्टी काढली नव्हती. ती उठली, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, आणि तात्याबासमोर स्टूल ओढून बसली. तिनं पट्टी काढून तळहातावर ठेवली. तिचा गाल आत गेला. ती आपलं नाव, गाव म्हणाली, त्यातलं एकही अक्षर कळलं नाही. मग तिनं तोंड उघडलं आणि आतलं दाखवलं. तात्याबानं नजर चुकवली. त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं, चुकवली नाही. ती वाकून नीट बघत होती.

मेहबूबबीनं पट्टी धुतली, परत बसवली, ओठ पुसले. "आता पुसा काय पुसायचंय ते."

तात्याबा पुढं वाकला. "भाकरी खाता येती?"

"कुस्करून. दुधात न्हायतर आमटीत. कडक न्हाय जमत."

"पाणी?"

"सरळ बसून पेलं तर ठीक. वाकलं तर नाकात येतं. खोटं कशाला बोलू?"

"दुखलं?"

"लई. पर त्यापरास घरात कोंडून बसले ते जास्ती दुखलं. एक सांगते भाऊ, पट्टी देतील ती आग झाली तरी सोडून दिऊ नका, डॉक्टरला दाखवा. आन् तोंड उघडायचा व्यायाम चुकवू नका. मी चुकवला. माझं तोंड मिटलं व्हतं."

"धुवायचं कसं?" प्रयागबाईनं विचारलं. मेहबूबबीनं तिला बेसिनपाशी नेलं आणि सगळं करून दाखवलं, पाणी किती कोमट, मीठ किती, ब्रश कुठून फिरवायचा. दोघी तिथंच बोलत राहिल्या. तात्याबा मागून त्यांच्याकडं बघत होता.

"मी पुण्यात पडून ऱ्हायलो तर बैलांचं काय?" तो एकदम म्हणाला.

"मी बघीन," प्रयागबाई म्हणाली.

"तुला गाडी हाकता येती?"

"तुमाला तरी जन्मतः येत व्हती का?"

डॉक्टर हसले. तात्याबा हसला नाही, पण त्यानं टोपी नीट केली आणि विचारलं, "तारीख कंची म्हणला व्हता?"

दिवाळी होऊन कारखान्याचा हंगाम सुरू झाला, तेव्हा मेहबूबबी आणि खाजा माल आणायला बारामतीला गेली होती. तिथून ती दोघं माळेगावला गेली. तात्याबाचं घर रस्त्यालगतच होतं. तो अंगणात बैलांना वैरण टाकत होता. गाल उतरला होता, अंग आणखी वाळलं होतं, पण तो उभा होता. पक्की पट्टी पुढच्या महिन्यात व्हायची होती. तात्पुरती होती, ती त्यानं एक दिवसही सोडली नव्हती, असं प्रयागबाईनं आल्या आल्या सांगितलं.

"बोलणं जमतंय का?" खाजानं विचारलं.

"माणसांचं अजून बघायचंय," तात्याबा म्हणाला. शब्द जाड निघत होते, तरी कळत होते. "बैलांना कळतंय. पट्टीबिगर हाक मारली तर ढिम्म. घालून मारली की हरण्या मान वळवतो."

"आन् माझं तर ते ऐकतच नव्हते," प्रयागबाई चहाचे कप घेऊन बाहेर आली. "ह्यांना दवाखान्यात ठिवलं तवा मी गाडी जुपली. बैलांनी मला गाडीसकट नेलं ते थेट पाटलाच्या उसात. मी आपली म्हणतीय हो हो, थांबा, आन् ते खातायत."

तात्याबाला हसू फुटलं. हसताना त्यानं घाईघाईनं तोंडावर पंजा धरला.

"हात काढा, भाऊ," मेहबूबबी म्हणाली. "नीट हसा. पडत न्हाय ती."